बिस्किटाच्या डब्यातले काळे चेहरे

तो बिस्किटाचा पत्र्याचा डबा अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. दोन हजार सालानंतरची गोष्ट. ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये राहणारा वीज केंद्रातला एक कर्मचारी ठाण्यात आला आणि डबा चोरीला गेला म्हणाला. डब्यात काय, तर घरच्या फोटोंच्या निगेटिव्ह. त्याच्या वडिलांचा वडशाला फोटो स्टुडिओ होता. ते वारल्यावर याने खास निगेटिव्हसाठीचा स्कॅनर आणला होता आणि ड्युटीवरून आला की एकेक पट्टी कॉम्प्युटरवर चढवत बसायचा. ठाणे अंमलदाराला हसू आलं. मी त्याला दटावून फिर्याद लिहून घ्यायला लावली.

पंचनामा केला. कुलूप शाबूत, महागडा स्कॅनर टेबलावर जागच्या जागी. गेला तो फक्त डबा. हा चोर भुकेला नव्हता, जळका होता. असा चोर बहुधा घरचाच निघतो.

खबर शेजारणीने दिली. "धाकला भाऊ आला होता ना, साहेब. जाताना काखेत डबा होता त्याच्या."

धाकट्याचं वडशाला सायकल दुरुस्तीचं दुकान. त्याला आणून समोर बसवला आणि चहा मागवला. आपला चहा पिऊन आपल्यालाच थाप मारायला माणूस लाजतो, हा माझा अनुभव. अर्धा कप संपला आणि तो बोलता झाला.

"मले पाहवत नव्हतं, साहेब. अल्बममध्ये दादाची सायकल, दादाची शाळा. मी कुठीच नाई. आता त्या मशीनवर बी दादाच! जाळूनच टाकणार होतो. उजेडात धरून पाह्यलं, तर काळ्या तोंडाचं लेकरू. दादाच असन, म्हटलं."

"मग जाळल्या का नाहीत?"

"बाबानं काढले होते ना."

डबा दुकानातून जप्त केला. मुद्देमालाची ओळख पटवायची म्हणून फिर्यादीच्या घरी, पंचांसमोर पट्ट्या स्कॅनरमध्ये घालायला लावल्या. धाकट्यालाही नेलं होतं. पडद्यावर एक हसरं बाळ उमटलं, आणि कोपऱ्यात बसलेली म्हातारी आई उठून उभी राहिली.

"हा तर माहा धाकला! याच्याआधीची दोन लेकरं गेली माही. म्हणून मीच याच्या बाबाले बजावलं होतं, फोटो काढा, पण कागदावर छापू नका, नजर लागन. निगेटिव्हात लेकरू काळंच दिसते. तीट लावल्यावानी."

पुढची पट्टी धाकट्याची. त्याच्या पुढचीही. धाकटा ढसाढसा रडू लागला. थोरल्याच्या चेहऱ्यावर मात्र नवल दिसेना.

"तुम्ही हे आधीच पाहिलं होतं?" मी विचारलं.

त्याने मान खाली घातली. "पहिल्याच आठवड्यात. अलग फोल्डरमध्ये लपवून ठेवले. मले वाटे, बाबाच्या कॅमेऱ्यात मीच आहो. अन् सगळ्यात चांगले फोटो याचेच निघाले, साहेब."

आईने पडद्यावरून हात ओवाळले आणि कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. थोरला बघत राहिला. "माह्यावरून कधी मोडली नाई तू," तो म्हणाला. पंचेचाळिशीचा माणूस! आईने त्याला जवळ ओढलं आणि पुन्हा बोटं मोडली.

पुढे कोर्टात समेट झाला. डबा मी थोरल्याच्या ताब्यात दिला. त्याने तो तिथेच धाकट्याच्या हातात ठेवला. मत्सर आरोपीच्याच घरी राहतो, असं मी नोकरीभर धरून चाललो होतो. त्यानंतर भावाभावांचं भांडण ठाण्यात आलं की मी आधी फिर्यादीलाच चहा पाजत असे.