क्षिप्रा भिंत कशी चढेल?

"मठ्ठ आहे ती पोरगी. नापास करा, बाई," हेडमास्तर म्हणाले आणि रजिस्टर माझ्याकडे सरकवलं.

पोरगी म्हणजे माझ्या चौथीतली विमल. सहामाहीच्या तोंडी परीक्षेत हेडमास्तरांनी स्वतः तिला विचारलं, क्षिप्रा कोणत्या दिशेला वाहते? पुस्तकात लिहिलं होतं, उत्तरेला. विमल भिंतीवरच्या नकाशाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "दक्षिणेला."

मध्य भारत जाऊन नुकताच मध्य प्रदेश झाला होता. उज्जैनच्या आमच्या शाळेत नव्या राज्याचा एकच नकाशा आला. मुलींचे हात लागू नयेत म्हणून हेडमास्तरांनी तो पार छताजवळ टांगला. मुलींसाठी आलेली वस्तू मुलींपासून लांब ठेवायची, याला ते शिस्त म्हणत. माझं डोकं फिरायचं.

विमलचे वडील रेल्वेत क्लार्क. दुसऱ्याच दिवशी शाळेत हजर. "बाई, वार्षिकला फेल झाली तर घरी बसवून टाकतो. तिची आई एकटी परेशान होते."

म्हणजे पोरीची सगळी शाळा एका नदीवर येऊन अडली. ते गेल्यावर मी विमलला विचारलं, "दक्षिणेला का म्हणालीस?"

"बाई, नकाशात उत्तर वर आहे ना? मग पाणी भिंत चढून वर कसं जाणार?"

ही एकटी विचार करत होती. बाकीच्या सगळ्या विचार न करता 'उत्तरेला' म्हणून पास झाल्या होत्या, आणि तसं पाठ करून घेणारी मीच. हेडमास्तरांचा राग आला, स्वतःचाही आला.

हेडमास्तरांना नकाशा खाली काढू द्या म्हटलं. "फाटला तर जवाबदार कोण?" विषय संपला.

मग रविवारी सकाळी विमलला राम घाटावर नेलं. लोक द्रोणातून दिवे सोडत होते. ते वाहत जात होते त्या बाजूला तोंड करून तिला उभं केलं. सूर्य बरोबर तिच्या उजव्या हाताला होता. पूर्व उजवीकडे, म्हणजे समोर उत्तर. मग खालीच पायरीवर खडूनं नदी काढली.

"म्हणजे नकाशा झोपलेला असतो," विमल म्हणाली. "सरांनी उगाच उभा केलाय."

"बहनजी, यह घाट है, पाठशाला नहीं," एक पंडाजी करवादले. आम्ही खडू पुसून घरी आलो.

वार्षिक परीक्षेला इन्स्पेक्टर साहेब आले. हेडमास्तरांनीच विमलकडे बोट दाखवलं. "सर, इस लड़की से क्षिप्रा की दिशा पूछिए."

साहेबांनी विचारलं. विमल म्हणाली, "उत्तर. नक्शा नीचे रखिए, दिखाती हूँ."

"फट जाएगा, सर," हेडमास्तर म्हणाले.

"उतरवाइए," साहेब म्हणाले.

स्टूल आलं, नकाशा उतरला. विमलनं तो जमिनीवर पसरला, घाटाच्या अंदाजानं फिरवून नीट केला, नदीवर बोट ठेवलं आणि दाराकडे हात केला. "दीये उधर जाते हैं." साहेब बूट काढून तिच्या शेजारी उकिडवे बसले. देवास कुठे, इंदूर कुठे, विचारत गेले. एकही चुकलं नाही. मला रडू येत होतं, ते मी हजेरीपटात लपवलं.

विमल पास झाली. वडिलांनी मुकाट्यानं पाचवीत नाव घातलं.

आठवड्याभरात नकाशा काचेच्या चौकटीत जाऊन पुन्हा छताजवळ पोहोचला. "साहेबांनी तारीफ केली, आता तर सांभाळावाच लागेल," हेडमास्तर म्हणाले.

रिटायर होईपर्यंत भूगोलाचा पहिला तास मी फरशीवर खडूनंच घेतला. मुलांना समजावणं फारसं अवघड नसतं. मोठ्यांकडून नकाशा खाली उतरवून घ्यायलाच सगळी नोकरी जाते.