हिरवं मशीन, गंजकं मशीन
कापसाच्या जिनिंगमधल्या एका म्हाताऱ्या फिटरमुळं मी तरलो. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. शाळा अर्धी सोडून टेंभुर्णीहून जालन्याला आल्तो. खोलीतच चाकांना दात पाडायचं काम करावं, म्हणून छोटं, जुनं मिलिंग मशीन विकत घ्यायला पाहत होतो. होते नव्हते ते पैसे त्यातच जाणार होते. चुकलो असतो तर हात हलवत गावी जावं लागलं असतं.

भंगारवाल्याकडं दोन मशिनं होती. मी हिरव्या, चकचकीत मशीनपाशी रेंगाळलो.

“नवरी पसंत करून राह्यला का?” सुटे भाग शोधायला तिथं आलेले ते फिटर हसले. त्यांनी डोळे मिटून हिरव्या मशीनचं हँडल उलटं फिरवलं. अर्धा फेरा झाला, तरी टेबल हललं न्हाई. “आतल्या स्क्रूचे आटे झिजलेत.”

गंजक्या मशीनचं टेबल मात्र लगेच सरकलं.

“पण डोळे का मिटले?”

“उघडे ठेवले तर मलाबी हिरवंच आवडतं, बेटा!”

गंजकंच घेतलं, त्याच्यावर आज घर चालतं. ते फिटर कधी भेटले, तर हातातलं सगळं बाजूला ठेवून आधी त्यांचं काम करून देईन.