इंजिनाचा विटाळ

त्या दसऱ्याची आठवण झाली की आजही मला किळस येते. त्यात माझाही वाटा आहे, हे आधीच सांगून टाकतो.

सन १९४६. माण तालुक्यातल्या एका गावात मी मास्तर होतो. गावात एकच ऑइल इंजिन, दादासो पाटलांच्या विहिरीवर. सगळं गाव तिथलंच पाणी प्यायचं. ते चालवणारा ज्योतिबा वारला आणि त्याची बायको तानुबाई चालवू लागली. वर्षानुवर्षं नवऱ्याच्या हाती पान्हे देऊन तिला यंत्राचं पोट पाठ झालं होतं. दादासोला फुकटची राबणारी मिळाली.

शाळेत मी शास्त्र शिकवायचो, म्हणजे पुस्तक वाचून दाखवायचो. तानुबाई मेंढरवाड्यामागं गावातल्या पोरींकडून मोडका पंप खोलून घ्यायची. "हात काळं झाल्याबिगर डोस्क्यात शिरत न्हाई," म्हणायची. मेंढपाळ धुळाची लेक अंजना त्यात सगळ्यांत चलाख. विहिरीवरचं खरं इंजिन एकदा तरी स्वतः उघडायचं, एवढाच तिचा ध्यास. पण दादासो खेकसायचा, "पोरींनी हात लावला तर इंजान बाटंल!"

खंडेनवमीला इंजिनाची पूजा झाली. विधवा म्हणून तानुबाईला जवळ फिरकू दिलं नाही. दादासोनं झेंडूच्या माळांनी इंजिन मढवलं. गूळखोबरं मीही खाल्लं.

दसऱ्यानंतर इंजिन सुरूच होईना. तानुबाईला अजून लांबच ठेवलेलं; हँडल मारून गडी घामाघूम झाले. विहीर खोल, पोहऱ्यानं गावाचं भागेना. तिसऱ्या दिवशी दादासोनं तानुबाईला बोलावलं. ती अंजनाला घेऊन आली आणि हात मागं बांधून उभी राहिली.

"आवं दादासो, माझा विटाळ हुतोय न्हवं? अंजना उघडंल. न्हाईतर मी चालले."

अंजनानं माझ्याकडं पाहिलं. मास्तर काही बोलतील, असं वाटलं असेल बिचारीला. मी मान खाली घातली.

"उघड," दादासो गुरगुरला.

पोरीनं इंजिनाचं हवा ओढायचं तोंड खोललं. आत झेंडूच्या पाकळ्यांचा ओला बोळा! तो काढून हँडल मारताच इंजिन धडधडलं. बाया घागरी घेऊन धावल्या.

आणि दादासोनं गोमूत्र मागवलं. पोरीच्या डोळ्यांदेखत इंजिनावर शिंपडलं. थू! त्याच इंजिनाचं पाणी मात्र तिथंच ओंजळीनं घटाघटा प्याला.

तानुबाईनं कमरेचं फडकं काढून अंजनाच्या हातात दिलं.

"मुतानं लोखंड गंजतंय, पोरी. पूस ते."

अंजनानं सगळ्यांसमोर पुसलं.