मामांचं लंडनचं वर्ष

माझ्या सख्ख्या भावानं माझ्या मामांचं वर्ष नासवलं, आणि आज तोच "संगीतप्रेमी मामा, मिस यू" असं स्टेटस ठेवून बसलाय.

मामा काल सकाळी गेले. शिवाजी पेठेतल्या घरीच.

पेठेत त्यांना सगळे स्पीकरवाले म्हणून ओळखायचे. बारसं असो, लग्न असो, नाहीतर फुटबॉलची मॅच, माइक आणि कर्णा मामांचाच.

पण मी अकरावीला त्यांच्याकडे शिकायला राहिले, त्या वर्षी त्यांना एक वेगळंच वेड लागलं होतं.

दर शनिवारी दुपारी शॉर्टवेव्हवर लंडनहून तिकडच्या पॉप गाण्यांचा चार्ट लागायचा. विसाव्या नंबरापासून पहिल्यापर्यंत.

मामा सातवी पास. गाण्यातली एक ओळ कळायची नाही. तरी रेडिओची वायर गच्चीवरच्या कपड्यांच्या तारेला जोडून कान लावून बसायचे. शनिवारी त्या तारेवर ओला टॉवेल दिसला की मामीची खैर नसायची.

एखादं गाणं नवव्या नंबरवरून तिसऱ्यावर आलं की मांडीवर थाप.

"बघितलंस? बोललो हुतो का न्हाय! फुडच्या शनवारी ह्योच एक नंबर!"

जशी काही पेठेची टीम फायनलला गेली.

आणि पुढच्या शनिवारी ते खरंच पहिलं यायचं! मामी म्हणायची, "आलं बघा विलायतचं जावई."

असं अख्खं वर्ष मामांनी टेप करून ठेवलं. बावन्न शनिवार, सव्वीस कॅसेट. कव्हरवर गाण्यांची नावं मी लिहायचे, नंबरासकट.

कॅसेट भरली की मामा तिच्या पाठीमागचे प्लास्टिकचे दोन बारके तुकडे स्क्रूड्रायव्हरनं मोडून टाकायचे. तिथं खाच पडली की त्या कॅसेटवर परत काही रेकॉर्ड होत नाही.

लोक टिंगल करायचे. "काय ओ स्पीकरवाले, राणीनं आवतान धाडलं का न्हाय अजून?"

मामा हसण्यावारी न्यायचे. मला तेव्हाही राग यायचा.

चार वर्षांनी माझं लग्न झालं, आमच्या गावी नेसरीत, दारातच. स्पीकर अर्थात मामांचे. आवाज तपासायला ते हीच गाणी लावायचे, म्हणून कॅसेटची पिशवी बरोबर होती.

आमच्याकडे लग्नातला आहेर माइकवर पुकारतात. "मुरगूडच्या पावण्यांच्याकडनं नवरीला पितळंची घागर!"

दादाला, त्या स्टेटसवाल्या भावाला, वाटलं, हे रेकॉर्ड व्हायला पाहिजे. कोरी कॅसेट नव्हती. त्यानं मामांच्या पिशवीतल्या तीन काढल्या, खाचांत कागदाचे बोळे कोंबले आणि बटण दाबलं. मामा तेव्हा मांडवामागं जनरेटरपाशी होते.

ते परत आले तोवर तिसरी कॅसेट संपत आली होती.

मी पाटावरून सगळं बघत होते. मामांनी कव्हर उचललं. त्यावरचं माझं अक्षर वाचलं.

दादा म्हणाला, "आवं मामा, इंग्लिश गाणी ती. कुणाला कळत्यात?"

मांडव हसला. मी मान खाली घालून बसले. नवरीनं बोलायचं नसतं ना!

मामांनी कव्हर खिशात घातलं आणि माइकचा आवाज थोडा वाढवला. मागच्या पंगतीला आहेर नीट ऐकू जात नव्हता.

त्या आहेराच्या कॅसेट आम्ही किती वेळा ऐकल्या, सांगू?

एकदाही नाही. मामांनीच घरी नेऊन जपून ठेवल्या.

गेल्या महिन्यात मामा अंथरुणाला खिळले, तशी मी त्यांच्याकडे येऊन राहिले. मला म्हणाले, "पोरी, त्ये वरीस लाव की. पयल्यापास्नं."

रोज दुपारी दोन कॅसेट. डोळे मिटून ऐकायचे. पुढचं गाणं सुरू व्हायच्या आत त्याचा नंबर सांगायचे. चुकत नव्हते.

मग दिवाळीनंतरचे शनिवार आले. आणि घागरी, समया, तांबे, ताटं पुकारली जायला लागली.

मी बटण बंद करायला धावले. मामा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. वाजू दे."

सहा शनिवार असे गेले होते. मी मोबाईलवर ती गाणी शोधली. सगळी मिळाली. मामांनी दोन ऐकली.

"चांगली हायत. पर ह्यात आता कुनाची वाटच बघाय लागत न्हाय."

मला राहवलं नाही. विचारलं, "मामा, त्या दिवशी दादाच्या कानाखाली का नाही वाजवलीत?"

"तुझं लगीन हुतं. मांडवात कॅसेटसाठनं भांडू व्हय? आन् पोरी, तू तरी कुठं बोललीस?"

रागानं म्हणाले असते तर बरं झालं असतं. अगदी साधं म्हणाले.

काल मामांना न्यायच्या आधी मी म्हटलं, त्यांच्या वर्षातलं एक गाणं लावू या.

दादा म्हणाला, "डोस्कं फिरलंय का तुझं? मयताला इंग्लिश गाणं? लोकं तोंडात श्याण घालतील."

भजनाची मंडळी आली. आणि मी परत गप्प बसले. पन्नाशी उलटली तरी मला तोंड उघडता येईना. दादाचा राग येतो, त्याहून जास्त स्वतःचा येतो.

दादा, तू हे वाचशीलच. फोन करू नकोस. ज्या माणसाची आवड तुम्ही जन्मभर चेष्टेवारी नेली, तो मेल्यावर त्याला "संगीतप्रेमी" म्हणायला तुमची जीभ धजतेच कशी?

आज सकाळी मी मामांचा मोठा स्पीकर खिडकीत ठेवला. पहिल्या शनिवारची कॅसेट घातली. आवाज फुल्ल. आधी खरखर, मग लंडनचा निवेदक, मग विसाव्या नंबरचं गाणं.

गल्लीतून शेजारच्या काकू ओरडल्या, "अगं ए, सुतकात गाणी लावत्यात व्हय?"

"व्हय काकू, लावत्यात! अजून एकोणीस हायत!"

मामा, बोलायला फार उशीर केला मी.

सावकाश जावा. तुमच्या भाचीची ही रागातली श्रद्धांजली.