ट्युबाचा स्टँड आणि साहेबांचं माप

हर्नियाच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी वडिलांना सांगितलं की पाच किलोपेक्षा जड काही उचलायचं नाही. त्यांच्या ट्युबाचं वजन दहा किलो आहे. ट्युबा हे बँडमधलं सर्वांत मोठं आणि सर्वांत खालच्या सुराचं पितळी वाद्य. बसून वाजवताना ते मांडीवर घेतात आणि त्याचा भार पोटावर येतो.

वडील एका सरकारी दलाच्या बँडमधून निवृत्त झाले. तिथल्याच निवृत्त वादकांचा एक बँड नागपुरात आहे. माणसं सोळा, ट्युबा एक. दर रविवारी सकाळी एका समाजभवनात तालीम होते. अध्यक्ष त्याच दलातले निवृत्त अधिकारी. त्यांनी आयुष्यात एकही वाद्य तोंडाला लावलेलं नाही. तरी तेच अध्यक्ष आहेत, कारण वाजवणाऱ्यांपैकी कोणी अध्यक्ष झाला असता तर उरलेल्या पंधरा जणांनी त्याचं ऐकलं नसतं.

ऑपरेशनला दीड महिना झाल्यावर अध्यक्षांचा फोन आला. फोन स्पीकरवर होता.

"तुम्ही आता आराम करा. कीबोर्डवर एक बटण असतं, ते दाबलं की बासचा आवाज निघतो. माझ्या मेहुण्याकडे आहे. तो येतो म्हणतोय."

"हो साहेब," वडील म्हणाले. मग आणखी दोनदा म्हणाले. नंतर चाचरत विचारलं, "साहेब, स्टँडवर ठेवून वाजवलं तं?"

"बघू. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी वाजवून दाखवा. जमलं तर तुम्ही, नाही तर कीबोर्ड."

फोन ठेवल्यावर ते माझ्याकडे वळले. "स्टँड पाह्य वं माय. नाही तं गेली माही खुर्ची."

वाद्यांच्या मोठ्या दुकानात मला गिटारचे स्टँड दाखवण्यात आले, नंतर कीबोर्डचे, नंतर माइकचे. शेवटी विक्रेत्याने एक काळी तिपाई आणली आणि हा ट्युबाचा स्टँड असल्याचं जाहीर केलं. वाजवायचं नसेल तेव्हा ट्युबा उभा करून ठेवायची ती सोय होती.

"वाजवताना आधार द्यायला हवाय," मी म्हटलं.

"वाजवताना तर मॅडम, हातात पकडतात ना," तो म्हणाला. पंधरा वर्षांपासून या लाइनमध्ये असल्याचंही त्याने सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

वाजवताना वापरायचे स्टँड दोन प्रकारचे असतात. एक बुटका, खुर्चीच्या बैठकीवरच मांड्यांच्या मधे ठेवायचा. दुसरा जमिनीवर उभा राहणारा, वर वाटीसारखा आधार असलेला. पहिल्यात ट्युबा पोटाला टेकतोच. म्हणून दुसरा हवा होता, आणि तो करून घ्यावा लागणार होता. महाल भागातला एक वेल्डर कूलरचे स्टँड बनवतो. मी त्याला कागदावर आकृती काढून दिली. त्याने ती उलटी धरून पाहिली, सरळ धरून पाहिली आणि एवढंच विचारलं, "कूलरपेक्षा हलका आहे ना? मग होऊन जाईल. मधात नट टाकतो, खालीवर करता येईल."

त्या आठवड्यात मी ऐकलेलं हे एकमेव शहाणं वाक्य. ते टिकलं नाही, कारण वडिलांनी साहेबांना कळवलं होतं. साहेबांना न कळवता स्टँड बनवायचा हे त्यांच्या कल्पनेतही बसत नव्हतं. साहेब म्हणाले, माप मी स्वतः घेईन.

ते शनिवारी सकाळी घरी आले. हातात स्टीलचा टेप होता. वडिलांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. समाजभवनातल्या खुर्चीची उंची मी आधीच मोजून आणली होती. आमच्या जेवणाच्या टेबलाची खुर्ची नेमकी तेवढीच निघाली. वडील तिच्यावर बसले. ट्युबा मी धरायचा, त्याचं फुंकायचं तोंड वडिलांच्या ओठांशी आलं की थांबायचं आणि साहेबांनी जमिनीपासून ट्युबाच्या बुडापर्यंत टेप लावायचा, असं ठरलं.

"बेटा, जमेल ना तुला? जड असतं ते," साहेब म्हणाले. मग त्यांनी चष्मा शोधला, तो पुसला, टेपची इंचांची बाजू की सेंटीमीटरची यावर विचार केला. दहा किलो माझ्या हातात होते.

"साडेसत्तेचाळीस सेंटीमीटर," ते म्हणाले. मी लिहून घेतलं.

"वेल्डर मधे नट टाकतो म्हणाला. उंची कमीजास्त करता येईल," मी सांगितलं.

"नट नको. हलणारी वस्तू टिकत नाही. माप बरोबर असलं की नट लागतच नाही." त्यांनी चहा घेतला, शिस्तीवर थोडं बोलले आणि गेले.

स्टँड आला. पक्का वेल्ड केलेला, बँडच्या रंगात रंगवलेला. सोमवारी वडील त्यावर ट्युबा टेकवून बसले आणि त्याचं तोंड त्यांच्या नाकाशी आलं. मी टेप काढला. साडेसत्तेचाळीस, मिलिमीटरचाही फरक नाही. खुर्ची तीच होती. मग माझ्या लक्षात आलं. साहेब समोर असताना वडील सावधानमध्ये बसले होते: पाठ ताठ, छाती पुढे, हनुवटी वर. तसं बसून कोणी ट्युबा वाजवत नाही. खालच्या सुरांसाठी पोट सैल सोडून दम भरावा लागतो, आणि मग माणूस दोन इंच खाली येतो. मी खुर्ची तपासली होती, आकडा तपासला होता. बसणारा माणूस तपासला नव्हता.

"द्या, वेल्डरकडून कापून आणते. पाच मिनिटांचं काम आहे," मी म्हटलं.

"नको."

"काहून नको?"

"साहेबांले दिसन."

मी संतापले. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, ना पगार त्यांच्या हातात ना बदली, आणि तुम्ही अजून त्यांच्या लोखंडाला घाबरता, असं बरंच बोलले. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं.

"झालं तुहं? दिसलं, तं ते म्हणतीन माप चुकलं. मग येतीन पुन्हा टेप घेऊन. मी पुन्हा तसाच बसन. मले दुसरं बसताच येत नाही त्यांच्यासमोर. रविवार निघून जाईन, अन् मेहुणा बसन बटण दाबत. तू दोन उशा आण."

मी उशा आणल्या. ते दोन इंच वर गेले आणि ट्युबाचं तोंड ओठांशी आलं. आता पाय अधांतरी राहिले, म्हणून पायांखाली पोळपाट ठेवून पाहिला, तो पुरला नाही, शेवटी फळी आली. चुकीच्या स्टँडला बरोबर ठरवण्यासाठी खुर्ची, माणूस आणि जमीन तिघांनाही उचलण्यात आलं. वडील आठवडाभर असेच बसून वाजवत राहिले. टाके दुखले नाहीत.

रविवारी मी ट्युबा, स्टँड, उशा आणि फळी समाजभवनात नेली. सगळं मांडून दिलं. वडील बसले, ट्युबा टेकवला, दोन्ही हातांनी धरला. दहा वाजता साहेब आले. सोबत मेहुणा होता, आणि कीबोर्ड कापडी पिशवीत. पंधरा माणसं एकदम उभी राहिली.

वडील उठले नाहीत.

साहेब दारातच थबकले. "तब्येत बरी नाही का?"

"बरी आहे साहेब. स्टँडवर आहे, हात सोडला तं ट्युबा पडते."

मी दोन पावलांवर मोकळ्या हातांनी उभी होते. धरायला पुढे झाले. वडील माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "राहू दे." माझ्यापुरतंच. त्यांची पाठ वाकलेली होती, पोट सैल, खांदे पडलेले. साहेब खुर्चीशी येईपर्यंत, खुर्चीत बसेपर्यंत ते तसेच बसून राहिले. पंधरा जण उभे होते आणि तिरक्या डोळ्यांनी त्यांच्याकडेच पाहत होते.

मग सगळे खाली बसले आणि वाजवायला सुरुवात झाली. खालचे सूर जमिनीतून माझ्या पायांना जाणवत होते. तिसऱ्या धुनेनंतर साहेबांनी मेहुण्याला सांगितलं, "बघितलंस? माप बरोबर असलं की झालं." मेहुण्याने पिशवीची चेन उघडलीच नव्हती.