बदललेली दोन पत्रं

माझी नात हॉस्टेलवरून रोज फोन करते आणि रोज म्हणते, "सगळं ओके आहे गं आजी." तिला रागवायला मी तोंड उघडते आणि मिटते. तिच्या वयात मी याच ‘ओके’चा घाऊक व्यापार करत होते.

सोलापूरच्या बाहेर आमची मुलींची निवासी शाळा होती. दर रविवारी सगळ्यांनी घरी पत्र लिहायचं, तेही फळ्यावरचा नमुना बघून. ‘मी येथे खुशाल आहे. अभ्यास उत्तम चालू आहे. आपली आज्ञाधारक कन्या.’ नाव फक्त पाकिटावर. हा नमुना फळ्यावर लिहायचा मान माझा होता, कारण माझं अक्षर अतिशय सुंदर, असं मीच सगळ्यांना सांगत असे.

मग मराठीच्या नव्या बाई आल्या. खुर्ची सोडून आमच्यात सतरंजीवर बसायच्या, शेंगदाणे खात शिकवायच्या. एका रविवारी त्यांनी माझं आणि माझ्या शेजारणीचं पत्र हातात धरलं. शेजारीण अक्कलकोटकडची, घरी कानडी बोलणारी. तिच्या ओळी उतारावरून घसरल्यासारख्या.

"ही दोन्ही एकमेकींच्या पाकिटात घालून टाकली तर घरी कळेल का गं?"

"कळणारच की बाई! माझं अक्षर आबा लांबून ओळखतात."

"मग टाकू या?"

शेजारीण खुदकन हसली. "टाका की बाई. आमच्या घरी एकदा तरी चांगलं अक्षर जाऊ दे."

मीही ऐटीत मान डोलावली आणि बाईंनी पत्रं तशीच टपालात टाकली. आणि संध्याकाळी प्रार्थना संपताच रेक्टरबाईंकडे जाऊन सगळं सांगून आले. काय ते माझं सत्यप्रेम! खरं दुखणं एवढंच, की बाईंनी माझ्या नमुन्याचं कौतुक केलं नव्हतं.

रेक्टरबाई म्हणाल्या, "एका घरून जरी तक्रार आली, तरी ह्या बाईंना सामान बांधायला लावते."

बाईंना ते कळलं. तरीही त्यांनी मला मूठभर शेंगदाणे दिले. मी निर्लज्जासारखे खाल्ले आणि आबा, म्हणजे माझे वडील, रागावून माढ्याहून कधी येतात, याची वाट बघत बसले.

शेजारणीच्या घरून उत्तर आलं, ‘वाचून आनंद झाला.’ चार दिवसांनी आबांचं आलं. रेक्टरबाईंनी बाईंना बोलावलं, पत्र माझ्या हातात दिलं. "वाच मोठ्यानं."

‘पत्र पोचले. आम्ही खुशाल आहोत. अक्षर लई सुधारलं की तुझं. असंच चालू ठेव.’

बाई खिडकीकडे वळल्या. खांदे हलत होते. रेक्टरबाई हसल्या नाहीत, पण पत्र माझ्या हातून घेऊन त्यांनी स्वतः पुन्हा वाचलं. "रविवारी फळा कोरा ठेव," एवढंच म्हणाल्या. बाई राहिल्या.

त्या रविवारी मी तासभर कोऱ्या कागदापुढे बसले. शेवटी लिहिलं, ‘आबा, हितं आमटीत डाळ शोधावी लागते. मला करमत न्हाय.’ बाईंनी न वाचताच पाकीट चिकटवलं.

आबांचं उत्तर पहिल्यांदाच दोन पानी आलं. गाय व्याली होती. आईचा हात भाजला होता, त्याला महिना होऊन गेला होता. तो सगळा महिना त्यांनीही मला ‘आम्ही खुशाल आहोत’ असंच लिहिलं होतं.