वाढलेलं कोलेस्टेरॉल

चाकणच्या दवाखान्यात एचआयव्हीच्या गोळ्या समजावून देणाऱ्या ताई कुणालाच पेशंट म्हणत नाहीत. "या पाहुणं, जेवलात का?" इथूनच त्यांची सुरुवात. जालन्याहून आलेल्या माझ्यासारख्या सातवी नापासाला तेवढ्यानंच धीर येतो.

गोळ्या सुरू व्हायच्या आधी कंपनीच्या तपासणीत माझं कोलेस्टेरॉल कमी निघालं होतं. कॅन्टीनमध्ये मी छाती फुगवून सांगत फिरलो. यंदा ते वाढलं. गोळ्या बाधल्या असं वाटून त्या बंद करायच्याच विचारात मी ताईंकडे गेलो.

रिपोर्ट बघून त्या उठून उभ्याच राहिल्या. "वाढलं? अहो, पेढे काढा! औषध नसलं की हा आजार चांगलं-वाईट दोन्ही कोलेस्टेरॉल खाली ओढतो आणि रक्तातली दुसरी चरबी, ट्रायग्लिसराइड, वर चढवतो. तुमचं कोलेस्टेरॉल परत जागेवर आलंय, ती चरबीही उतरलीय. औषध जिंकतंय, राव!"

"म्हणजे चालू ठेवू?"

"बंद करून तर बघा, घरी येऊन कान धरीन!"

पेढे नव्हते, म्हणून डब्यातला गुळाचा खडा त्यांनी माझ्या हातावर ठेवला. तो चघळत, गोळ्यांची नवी डबी खिशात न लपवता हातात धरून, मी दवाखान्याच्या गेटपर्यंत चालत गेलो.